आमच्याकडे उतरलेला फ्रेंच सायकलवाला

त्याला घरात आणला मीच. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्याकडे हा मुद्दा मला अधूनमधून ऐकवला जातोच. इथे तरी तो माझ्या तोंडून यावा.

अमेरिकेत आम्ही राहतो त्या भागात दर मे महिन्यात एक सायकल शर्यत होते. चार-पाच दिवसांची, रोज वेगळ्या रस्त्याने. टीव्हीवर दिसणारे बडे संघ इकडे फिरकत नाहीत. येतात ते छोटे संघ, ज्यांच्यात रायडरला पगार असतो पण हॉटेल नसतं. म्हणून इथली जुनी पद्धत अशी की गावातल्या कुटुंबांनी एकेक रायडर आपल्या घरी उतरवून घ्यायचा. आठवडाभर आधी तो येतो, आपल्या घाटांवर सराव करतो, आपल्या फ्रिजमधलं खातो आणि शर्यत संपली की जातो. मी एका सायकल क्लबचा सभासद आहे. म्हणजे वर्गणी भरतो आणि रविवारी सगळ्यांच्या मागे असतो. त्या क्लबची ईमेल आली आणि मी बायकोला न विचारता 'हो' कळवून टाकलं.

पंचेचाळिशीला डॉक्टरने कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट पुढ्यात ठेवला तेव्हा मी सायकल घेतली होती. कार्बनची, एका बोटावर उचलता येईल अशी. तेव्हा बायको एवढंच म्हणाली होती, "एवढ्या वजनदार माणसाने एवढी हलकी सायकल घ्यायची कशाला? तूच दहा किलो कमी कर ना, फुकटात." तेव्हापासून घरात माझ्या सायकलिंगची गणना छंदात होत नाही, आजारात होते. मला वाटलं, खराखुरा प्रोफेशनल घरात आला की आपोआप आपलाही भाव वधारेल. जेवताना टायरच्या हवेवर बोलू, गिअरवर बोलू, घरचे ऐकत राहतील.

बायको आधी उखडलीच. "परका माणूस घरात? मुलगी सतरा वर्षांची आहे. डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"अगं, ही माणसं साडेआठला झोपतात. साधू असतात साधू."

"मग साधूला गॅरेजमध्ये ठेव."

नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेल्या माझ्या सासूबाई सोफ्यावरून म्हणाल्या, "जावईबापू, तो मांसाहारी असेल बरं का." त्या स्वतः दर रविवारी सावजी मटण करतात. पण पाहुणा मांसाहारी असणं त्यांना काळजीचं वाटलं.

मग तो आला. तेवीस वर्षांचा, हँगरवर कपडे अडकवावेत तसा. गालांत खड्डे, हात काड्यांसारखे, आणि मांड्या मात्र दुसऱ्याच कुणाच्या तरी. सासूबाईंनी त्याला दारात उभा पाहिला आणि त्यांचा आवाजच बदलला. "अगं आई! याला घरी कोणी जेवू घालत नाही का गं?" घरातला विरोध तिथेच संपला. माझा भाव वधारण्याची शक्यताही तिथेच संपली, पण ते मला दोन दिवसांनी कळलं.

त्याची सायकल दिवाणखान्यात आली. गालिच्यावर, भिंतीला टेकून, खाली जुनी चादर अंथरून. ती चादर बायकोने स्वतः काढून दिली. मी म्हटलं, "माझी गॅरेजमध्ये असते."

"तिथे धूळ असते रे."

"मग माझ्या सायकलला धूळ लागत नाही?"

"तुझी तशीही धूळ खातच असते ना?"

माझ्या सायकलच्या चड्ड्या बायको चिमटीत धरून मशिनच्या वेगळ्या फेरीला टाकते. त्याच्या जर्सी मात्र हाताने धुऊन मागच्या अंगणात सावलीत वाळत घातल्या, रंग उडू नये म्हणून. एकदा मी केस काढून पाय गुळगुळीत करायचा विचार बोलून दाखवला होता. सगळे रायडर करतात, वारा कापला जातो. तेव्हा तिला हसू आवरेना. जेवणाच्या टेबलावर त्याचे पाय बघून ती म्हणाली, "किती स्वच्छ ठेवतो ना स्वतःला."

जेवणाचं तर विचारूच नका. त्याच्याकडे तळहाताएवढा वजनकाटा होता. भात घ्यायच्या आधी ताटली त्यावर ठेवून तो आकडा बघायचा. सासूबाईंनी उभ्या आयुष्यात भात डोळ्यांनी वाढला. पहिल्या दिवशी त्यांना तो सरळसरळ अपमान वाटला. तिसऱ्या दिवशी त्याच काट्याशेजारी चष्मा लावून उभ्या होत्या आणि ओरडत होत्या, "कमी भरला, कमी भरला! घाल अजून!" डायबिटीस झाल्यापासून मी भात मोजून खावा म्हणून डॉक्टर मला सांगून थकला. मी कधी काटा काढला असता तर याच बाईंनी म्हटलं असतं, जावईबापूंना आमच्या हातचं गोड लागत नाही.

आता मुलीचं. हे मला विनोदात सांगता येईल की नाही ठाऊक नाही, प्रयत्न करतो.

आमची लेक ऑगस्टमध्ये ईस्ट कोस्टला कॉलेजला जाणार होती. शेवटचे तीन महिने घरात. मी ठरवलं होतं की या तीन महिन्यांत तिच्याशी बोलायचं, नीट, सावकाश. पण मी "शाळा कशी झाली?" म्हटलं की "फाइन." "जेवलीस?" म्हटलं की "याऽ." सतरा वर्षं मी तिच्याशी मराठी बोलतोय आणि ती मला इंग्लिशमध्ये उत्तर देतेय, तेही एका शब्दात. या पोराशी मात्र ती शाळेत शिकलेल्या फ्रेंचमध्ये तासभर बोलायची. तो तिची चूक सुधारायचा, ती पुन्हा म्हणायची. एवढं कमी होतं म्हणून की काय, ती त्याला मराठी शिकवायला लागली. सासूबाईंचा आग्रह आवरायचा म्हणून "पुरे." मग "छान आहे." मग "काकू, पाणी द्या." "नाही, पाऽणी. न नाही, ण," ती सांगायची. माझ्या मुलीच्या तोंडून घरात एवढं मराठी मी कधी ऐकलं नव्हतं. आणि ते ऐकायला मला फ्रान्समधून माणूस आणावा लागला.

मला त्याने काय म्हणावं, हेही तिनेच ठरवलं. मनातल्या मनात मी त्याचा रस्त्यावरचा सोबती होतो. तिने त्याला सांगितलं, "काका."

एका सकाळी मी म्हटलं, आज मी पण येतो तुझ्याबरोबर. त्याचा तो विश्रांतीचा दिवस होता. विश्रांतीच्या दिवशी ही मंडळी फक्त आमच्या धरणामागचा घाट चढून येतात. मी रविवारी हा घाट दोनदा थांबून चढतो, फोटो काढायचं निमित्त करून. त्या दिवशी ठरवलं, थांबायचं नाही. पहिल्या वळणानंतर तो माझ्याशी बोलत होता आणि मी मान हलवत होतो. दुसऱ्या वळणानंतर मी मानही हलवेना. मग माझ्या कमरेवर, मागून, एक हात आला. उघडा, हलका तळवा. सायकल अचानक वर जायला लागली. तो मला ढकलत होता. एका हाताने हँडल, एका हाताने मी, आणि वर तोंडाने दरीतल्या झाडांची नावं विचारत होता.

जर्सी सिटीत असताना एकदा माझी गाडी बर्फात अडकली होती. शेजारच्या आजीबाईंनी ती मागून ढकलून काढली होती. तेव्हासुद्धा मला एवढी लाज वाटली नव्हती.

वर कठड्यावर बसून मी श्वास परत आणत होतो तेव्हा त्याने त्याची गोष्ट सांगितली. इंग्लिश तुटक, पण गोष्ट सरळ. वडील दुधाचा टँकर चालवतात, शेताशेतावरून दूध गोळा करतात. आठव्या वर्षी गावच्या क्लबात सायकल हातात घेतली. सोळाव्या वर्षी आसपासच्या सगळ्या शर्यती जिंकायचा, गावच्या पेपरात फोटो. अठराव्या वर्षी एका मोठ्या संघाने आपल्या मुलांच्या तुकडीत उचलला. शाळा अर्धवट सुटली. मग एका उतारावर पडला, गळपट्टीचं हाड मोडलं. ते सांधेपर्यंत त्याच्या जागी दुसरा आला होता. घरी बसला. वडिलांबरोबर टँकरवर गेला. शेवटी या छोट्या अमेरिकन संघाने एका वर्षासाठी घेतला. करार वर्षअखेरपर्यंत. मॅनेजर म्हणाला होता, या शर्यतीनंतर बोलू.

"नाही झाला तर?" मी विचारलं.

त्याने खांदे उडवले. "दूध."

"तेविसाव्या वर्षी?"

"काका, तेवीस म्हणजे म्हातारा. आता एकोणीसवाले येतात."

मी एकावन्न वर्षांचा.

आणि तो जिंकायला आलेलाच नव्हता, हेही त्या दिवशी कळलं. त्याचं काम संघातल्या म्होरक्यासाठी राबायचं. मागे संघाच्या गाडीपर्यंत जायचं, जर्सीच्या पाठीवरच्या खिशांत बाटल्या खुपसायच्या, पुन्हा पुढे येऊन सगळ्यांना पाणी वाटायचं. म्होरक्याला वारा लागू नये म्हणून त्याच्या पुढे राहायचं. घाटाच्या पायथ्याशी त्याला नेऊन सोडायचं आणि मग आपण मागे पडायचं. निकालात पन्नासावा, साठावा. मॅनेजरची नजर नंबरावर नसते, कोण किती राबला त्यावर असते.

मला काय वाटलं असेल? बरं वाटलं. चक्क. संध्याकाळी जेवताना मी मुद्दाम हे सगळ्यांना सांगितलं. जरा मोठ्यानेच, की अगं, हा काही स्टार वगैरे नाही, हा पाणक्या आहे पाणक्या. वाटलं, आता तरी हवा निघेल.

बायकोचे डोळे भरून आले. "म्हणजे सगळ्यांना पाणी पाजायचं आणि स्वतः मागे राहायचं?" तिने त्याच्या ताटात आणखी एक पोळी टाकली. काटा न लावता.

"आणि नोकरी राहील की नाही तेही माहीत नाही," लेक म्हणाली. म्हणाली मराठीतच, कारण आजीला कळायला हवं होतं.

व्हिसाच्या एक्स्टेन्शनची वाट बघत मी किती वर्षं अशीच काढली, दुसऱ्याच्या प्रोजेक्टचं पाणी भरत, हे त्या टेबलावर कोणाला आठवलं नाही. मला आठवलं. मी ते बोलून दाखवणार होतो, पण तेवढ्यात सासूबाई श्रीखंडाचा चक्का टांगायला उठल्या.

शर्यत सुरू झाली. रोज संध्याकाळी तो थकून यायचा. म्होरक्या एकूणात तिसरा, हा कुठेतरी खाली. शेवटच्या दिवशी शर्यत आमच्याच घाटावर संपायची होती. मी स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. वळणावर उभं राहायचं, लोकांना रस्त्याच्या कडेला ठेवायचं. पिवळं जाकीट मिळालं, शिट्टी मिळाली. जाकीट पोटावर लागत नव्हतं, पण शिट्टी चांगली होती. सकाळी स्वयंसेवकांना नियम वाचून दाखवले. त्यातला एक असा: शेवटच्या चढावर बाहेरच्या कोणाकडून रायडरने बाटली घ्यायची नाही, घेतली तर त्याच्या वेळेत दंड वाढतो.

आमची फौज दुपारीच येऊन बसली. सासूबाई फोल्डिंग खुर्चीवर, छत्रीखाली. लेक फोनवर शर्यतीचं थेट प्रक्षेपण लावून. बायकोच्या हातात कोकम सरबताची बाटली, बर्फासकट. ती मी पाहिली होती. वाटलं, स्वतःसाठी आणलीय. ऊन इतकं की डांबर चपलेला चिकटत होतं.

"बाबा! त्याचा लीडर मागे पडला!" लेक ओरडली. "ऊन लागलंय त्याला. संघाच्या गाडीतून याला रेडिओवर सांगितलं, आता तू एकटा जा. ही इज इन द फ्रंट ग्रुप! पाचसहा जणच आहेत!"

"म्हणजे काय गं?" सासूबाई.

"म्हणजे आजी, हा आज स्वतःसाठी चालवतोय. आज चांगला आला तर त्याला ठेवतील."

मोटारसायकली आल्या. मग ते आले. सहा जण, वाकडेतिकडे, तोंडं उघडी. आमचा शेवटी होता. जर्सीवर मिठाचे पांढरे नकाशे. सायकलवरच्या बाटल्यांच्या दोन्ही खाचा रिकाम्या होत्या. वाटून टाकल्या असणार सवयीने. माझ्या बाजूने येताना त्याने हात लांब केला. आमच्याच दिशेने. आणि बायको पुढे झाली, झाकण उघडलेली बाटली धरून, नळावर पाणी भरायला जावं इतक्या सहजपणे.

मी शिट्टी फुंकली, मध्ये घुसलो आणि तिच्या हातातून बाटली हिसकावून घेतली. कोकम माझ्या पिवळ्या जाकिटावर सांडलं. त्याचा हात हवेतच राहिला आणि वर निघून गेला.

"काय केलंस तू?"

"नियम आहे! दंड होतो त्याला!"

"तहानलेल्या माणसाच्या हातातलं पाणी काढून घेतलंस?"

"अगं, बाहेरच्यांनी द्यायचं नसतं..."

"आपण बाहेरचे?" बायको म्हणाली. मग हळू आवाजात, जे फार वाईट, म्हणाली, "तू जळतोस त्याच्यावर. आल्या दिवसापासून."

सासूबाईंनी छत्री मिटली. कोणाची बाजू घ्यायची नसली की त्या छत्री मिटतात.

वर लाउडस्पीकरवर निकाल आला. शेवटच्या वळणाला त्याचे पाय संपले. सहा जणांत सहावा.

आम्ही घरी निघालो. मी चालवत होतो, अंगाला कोकमाचा वास. सिग्नलला लेकीने मागून विचारलं, "बाबा, रूल आहे म्हणूनच केलंस ना?"

"हो. सकाळी वाचून दाखवला त्यांनी."

"फक्त म्हणूनच?"

नियम होता, हे शंभर टक्के खरं. मला तो पाठ होता, हेही खरं. पण तो हात लांब झाला आणि माझी शिट्टी वाजली, त्यामधल्या क्षणात मला नियम आठवला होता का, की आधी शिट्टी वाजली आणि नियम नंतर आला? मी सिग्नलकडे बघत राहिलो. तो हिरवा झाला तेव्हा मागच्याने हॉर्न दिला.

संघाच्या व्हॅनने त्याला संध्याकाळी सोडलं. चेहऱ्यावर मीठ, ओठ फुटलेले. बायको दारातच म्हणाली, "सॉरी रे बाळा, मी देतच होते, पण यानेच..."

त्याने आमच्याकडे एकेक करून पाहिलं. "तुम्ही होतात? कुठे?"

"कुठे म्हणजे? वळणावर! तू हात केलास ना आमच्याकडे!"

त्याला काही आठवेना. लेकीने फ्रेंचमध्ये सगळं समजावलं, शिट्टीसकट. तो ऐकत राहिला, मग संकोचून हसला. शेवटच्या चढावर त्याला पुढच्या चाकाशिवाय काही दिसत नव्हतं. हात कोणाकडेही केला असेल. दंडाचं ऐकून मला म्हणाला, "थँक यू, काका." पण पाहुणा यजमानाला जसं म्हणतो, तसं. त्याच्या लेखी तो पिवळ्या जाकिटातला माणूस नव्हताच. एवढी जळफळ मी केली, ती त्याला दिसलीसुद्धा नव्हती. मला त्याचाही हेवा वाटला. एवढं कशात तरी बुडून जावं, की समोरचं जगच दिसू नये!

फोन दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी आला. तो ओट्यापाशी उभा होता. फोनचं नाव बघून त्याने हातातली ताटली खाली ठेवली. आम्ही सगळे थांबलो. लेकीचा सीरियलचा चमचा वाटीवरच राहिला. सासूबाईंनी शेगडी बारीक केली. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलला. हा फक्त "येस, येस" म्हणत होता, मान खाली घालून. मला त्या मानेकडे बघवेना. लेऑफच्या दिवसांत मी असेच फोन उभ्याने घेतले आहेत.

फोन ठेवून त्याने तळव्यांनी डोळे दाबले. "आणखी एक वर्ष," तो म्हणाला. "सहावा आलो म्हणून नाही. मॅनेजर म्हणाला, लीडरला सोडायच्या आधी मी रेडिओवर दोनदा विचारलं ना, खरंच जाऊ का, त्यासाठी ठेवलं."

बायकोने त्याला मिठीच मारली. सासूबाईंनी साखरेची चिमूट त्याच्या तोंडात टाकली, तीही न मोजता. मी हात पुढे केला. त्याने तो दोन्ही हातांनी धरला. मला आनंद झाला हो, खोटं कशाला सांगू. आनंद झाला आणि पोटात जळलंही, दोन्ही एकाच वेळी, आंबट ताक प्याल्यासारखं. एकावन्न वर्षांच्या माणसाला कोणी फोन करून सांगत नाही की अजून एक वर्ष तू आम्हाला हवा आहेस.

"म्हणजे पुढच्या मेमध्ये मी परत येणार," तो म्हणाला. "काकू, इथेच राहू?"

"हे काय विचारणं झालं?" बायकोने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आणि या वेळेसारखं याच्या कामाच्या खोलीतल्या सोफ्यावर नको. तोपर्यंत हिची खोली रिकामीच असेल. मोठा पलंग आहे, ऊन येतं सकाळचं. तिथेच झोप."

सगळ्यांना ते पटलं. त्यालाही. मला मात्र एकदम ती खोली दिसली. पलंग आवरलेला, भिंतीवरचे फोटो काढून नेलेले, आणि दाराशी कोणाचे तरी सायकलचे बूट.

"खोलीचं राहू दे," मी म्हणालो. "तो सोफ्यावरच झोपेल. नाहीतर आमच्या खोलीत झोपू दे, आम्ही हॉलमध्ये झोपू. तिच्या खोलीत कोणी झोपायचं नाही."

आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. तो बिचारा म्हणाला, "सोफा इज व्हेरी गुड, काका."

"झालं," बायको आईला म्हणाली, "याचं पुन्हा सुरू झालं."

मी तिचा गैरसमज काढायला गेलो नाही. लेकीने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग वाटीत बघत चमच्याने दूध ढवळत बसली. सीरियल केव्हाच मऊ पडलं होतं.